कागदाची विहीर

नवा जिल्हा झाला त्याचा आनंद मलाही झाला होता, पण तो आनंद साजरा करायचं काम माझ्या गळ्यात पडेल असं वाटलं नव्हतं. मी तेव्हा लातूरच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. नोकरीचं दुसरं वर्ष, नेमणूक तात्पुरती, आणि शाळेत जे काम कुणालाच नको असेल ते फिरून फिरून चित्रकलेच्या बाईंकडे यायचं. गॅदरिंगचे पडदे, पाहुण्यांपुढची रांगोळी, एकदा तर मुख्याध्यापकांच्या मेहुण्याच्या दुकानाची पाटीसुद्धा. एके दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की नव्या जिल्ह्याच्या वाढदिवसाला एका सरकारी कचेरीच्या आवारात सात दिवस प्रदर्शन आहे, प्रत्येक शाळेनं काहीतरी मांडायचं आहे आणि आपल्या शाळेनं टाकाऊ कागदापासून करायचं ठरलं आहे. कुणी ठरवलं, असं मी विचारलं. त्यांनीच ठरवलं होतं. दुष्काळाचं साल, खर्च करायचा नाही, कागद तर सगळीकडे पडलेलाच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

कागद खरोखरच सगळीकडे होता. नवी कार्यालयं बांधली जात होती म्हणून सिमेंटच्या खाकी पिशव्या होत्या. टायपिंग करणाऱ्यांकडे वापरून चिपाड झालेले कार्बनपेपर होते. शाळेच्या माळ्यावर मुलींच्या जुन्या उत्तरपत्रिका होत्या, त्यांतले शून्यवाले कागद तर मागून पुढून कोरे होते. नव्हतं ते फक्त पाणी.

विहीर करायची हे माझ्याच डोक्यातलं खूळ, त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. झालं असं की सहावीच्या वर्गाला 'माझं गाव' काढायला सांगितलं, तर निम्म्या मुलींनी टँकर काढला. टँकर, त्याची नळी, त्यापुढे घागरींची रांग. एकीनं तर टँकरचा नंबरही घातला होता. मी चिडले, कारण चिडणं मला जमतं, आणि म्हटलं, अरे, पाण्यानं भरलेली विहीर काढायची मनाई आहे का? मग त्याच तिरमिरीत ठरवलं की कागदाची विहीर करायची, चांगली काठोकाठ भरलेली, आणि येईल त्यानं तिच्यातून शेंदायचं.

नमुना म्हणून आमच्या घरची विहीर डोळ्यांपुढे होती. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात आमचं गाव. वडिलांची शेती, वडीलच गावचे सरपंच, आणि विहीर आमच्याच वाड्यालगतच्या रानात. तिचा काठ, चार पायऱ्यांचा ओटा, त्यावरचा रहाट हे सगळं मला पाठ होतं. काठाचे दगड मी सिमेंटच्या पिशव्यांचे केले, चोथा झालेल्या चहानं रंगवले. रहाट साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचा. दोर वर्तमानपत्राच्या पट्ट्या पिळून वळलेला. ओट्यासाठी मात्र शाळेचे खरे लाकडी बाक घेतले, कारण कागदाच्या पायरीवर माणूस चढवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

पोहरा लगद्याचा करायचा होता. आमच्याकडे घराघरात बायका रद्दी भिजवतात, मेथ्या घालून कुटतात आणि पालथ्या घागरीवर थापून भाकरीच्या टोपल्या करतात. मेथ्यांमुळे किडा लागत नाही. मला ते येत होतं, पण भिजवायला पाणी लागतं, आणि शाळेचा शिपाई पाण्याच्या पिंपापुढे असा उभा राहायचा की जणू त्या पिंपात त्याची खानदानी इस्टेट आहे. माणसांना प्यायला नाही आणि बाई कागदाला पाजतात, असं तो सगळ्या शाळेला सांगत सुटला. शेवटी मी घरी धुणं धुतलेलं पाणी बादलीनं रिक्षातून आणलं. पोहऱ्याला शेवटपर्यंत साबणाचा आणि मेथ्यांचा मिळून एक चमत्कारिक वास येत राहिला.

पाणी झालं कार्बनपेपरचं. त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून विहिरीत सोडल्या, तर खोल, काळं-निळं, हललं की चमकणारं पाणी तयार झालं. ते इतकं खरं दिसलं की मी स्वतःच काठाशी बराच वेळ बसून राहिले. त्या पाण्यात कागदाचे मासे टाकायचे, दोर ओढला की पोहऱ्यातून दोनतीन मासे वर यायचे, माशाच्या एका बाजूला कोडं लिहिलेलं, आणि ज्याला जो मासा मिळेल तो त्याचा. गंमत एवढीच होती. तोटा एवढाच की विहिरीला हात लावणारा प्रत्येक जण कोपरापर्यंत निळा होऊन घरी जायचा.

मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी पाटी पाठवली: 'हात लावू नये'. मी त्यांना जाऊन म्हटलं की हात लावायचाच नाही तर विहीर कशाला, फोटो लावा. ते म्हणाले, लोक नासधूस करतात. मी म्हटलं, करू देत, मी पुन्हा चिकटवीन. तोंडातून निघून गेलं, आणि पुढचे सात दिवस मी तेच करत बसले. पाटी उलटी केली आणि मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'या, शेंदा'.

पण पहिल्या दिवशी शेंदायला कुणी येईना. मोठी माणसं हात मागे बांधून लांब उभी राहायची. एकानं विचारलं, किती हात खोल आहे. एका पागोटेवाल्यानं रहाट चुकीच्या बाजूला बसवलाय म्हणून माझी अर्धा तास शाळा घेतली. एकानं हळूच विचारलं की ह्या कामाचं टेंडर कुणाला सुटलं होतं. पाटी कुणी वाचत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची संख्या काही कमी नव्हती. मग मीच ओरडायला सुरुवात केली. या, या, शेंदा. या काका, शेंदा. दुपारपर्यंत मुलांची झुंबड उडाली आणि दोर तुटायला लागला. मी वळायचे, ते तोडायचे. संध्याकाळी माझा घसा बसलेला असायचा आणि बोटांची सालं निघालेली.

दुसऱ्या दिवशीची एक बाई मला त्या गर्दीतही लक्षात राहिली. पन्नाशीची असेल, हातात कापडी पिशवी, आणि बाकांच्या पायरीखाली उन्हात कितीतरी वेळ उभी. मी वैतागलेलीच होते. म्हटलं, अहो मावशी, उभ्या काय राहिलात, या की वर, शेंदा. तिनं एकदा मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाला म्हणतेय का ते बघायला. मग तळहात पदराला पुसले, वर आली आणि दोर ओढला. हातावर हात घेत, सावकाश, पोहरा खरा भरलेला असावा तसा. दिवसभरात तिच्या एकटीच्या हातून दोर तुटला नाही, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली. पोहऱ्यात तिनं काय ठेवलं ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी आवरताना पोहऱ्यात माशांच्या खाली घडी घातलेले कागद सापडले. उघडले तर अर्ज. मेहेरबान साहेबांचे सेवेशी. एक विहिरीतला गाळ काढण्याचा, एक रेशनकार्डाचा, एक कुणाच्या तरी बदलीचा. मी कपाळाला हात लावला. हा वेडेपणा दुसरीकडे कुठे झाला असता असं मला वाटत नाही. इतकी वर्षं लोक सगळ्या कामाला जुन्या जिल्ह्याच्या गावी, उस्मानाबादला जायचे, तिथलं टेबल न् टेबल त्यांना ठाऊक होतं. आता कचेरी दाराशी आली होती, पण तिचा कुठला दरवाजा कशाचा हे कुणालाच कळत नव्हतं, कचेरीतल्या माणसांनासुद्धा. त्यात आवारात मधोमध एक कागदानंच भरलेली वस्तू, आणि शेजारी उभी राहून एक बाई सगळ्यांना या या म्हणतेय. लोकांनी सरळ अर्ज टाकले.

ते घेऊन मी आवक विभागात गेले. तिथल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं की ज्याचा अर्ज त्यानं आणून द्यायचा, असे गोळा केलेले अर्ज घेत नाहीत. मी सांगितलं की ही माणसं आता गावी गेली. तो म्हणाला, मग येतील परत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी लोकांना ओरडून सांगायला लागले की ही विहीर खोटी आहे, इथे अर्ज टाकू नका. लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की टाकायचे. शेवटी मी सगळे अर्ज साडीच्या एका रिकाम्या खोक्यात भरले आणि टेबलाखाली सरकवले. आणि मनाशी म्हटलं, मरो तिकडे.

चौथ्या दिवशी दुपारी निरोप आला की चार वाजता मोठे साहेब प्रदर्शन बघायला येणार. इकडे विहिरीतले मासे संपलेले. मुलींनी कापलेला साठा संपला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शाळेत, आणि हातात पाऊण तास. मी टेबलाखाली हात घातला आणि खोका ओढला. एका बाजूनं कोरे, चांगले जाड कागद, चार घड्या घातलेले. एका घडीवर कात्री चालवली की एका दमात चार मासे. मी काय कापतेय ते मला माहीत नव्हतं असं मी आजवर चारचौघांत सांगत आले, पण ते खरं नाही. मला माहीत होतं. मी चिडलेली होते, आणि ज्यांनी सांगूनही ऐकलं नाही त्यांचे कागद आहेत, असा एक विचार कात्री चालवताना मनात येऊन गेला.

एका माशाचं तर मला कौतुकसुद्धा वाटलं. त्या कागदावर जांभळा गोल शिक्का होता, आणि कापताना तो बरोबर डोळ्याच्या जागी आला. मी त्या शिक्क्याभोवती काळी रेघ काढली, मागच्या कोऱ्या बाजूला कोडं लिहिलं आणि तो मुद्दाम पोहऱ्यात सगळ्यात वर ठेवला. साहेब आले, हसले, दोर ओढला आणि तोच मासा उचलून शर्टाच्या खिशात घातला. मुख्याध्यापक त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले.

सहाव्या दिवशी सकाळी ती बाई परत आली. पायरीखालीच उभी राहून तिनं विचारलं, "बाई, आमच्या अर्जाचं काय झालं?"

मला आधी काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. मी तिला ओट्यावर बसवलं. तिचं गाव नांदेडकडच्या मुखेडच्या रस्त्यावर, पण लातूरच्याच हद्दीत. गावच्या विहिरीत टँकर रिकामा करतात. गावाच्या कडेला पंचवीसएक घरांची त्यांची वस्ती, बौद्ध लोकांची. विहिरीवर त्यांनी चढायचं नाही, खाली घागरी मांडून बसायचं, कुणाला दया आली की त्यानं वरून पाणी ओतायचं, आणि टँकरचं पाणी संपलं की उठून यायचं. आता हापसा खोदायची गाडी तालुक्यातालुक्यांतून फिरणार होती. कोणत्या गावी जायचं त्याची यादी आज संध्याकाळी बंद होणार होती. वस्तीच्या हापशासाठी तिनं अर्ज लिहून घेतला, सगळ्या बायकांचे अंगठे घेतले, आणि सरपंचाची सही.

मी म्हटलं, मावशी, दुसरा लिहून देते, आत्ता, इथे बसून. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग सांगितलं की सरपंच दिवाळीपासून "बघू" एवढंच म्हणत होता. शेवटी ती त्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसली.

"दोन दिस बसले, बाई. भाकर बी तितंच खाल्ली. लोकं बगायलेत म्हनल्यावर केली सही. म्हनला, आता पुना दारात दिसू नको."

दुसरी सही मिळणार नव्हती. तिला ते माहीत होतं आणि आता मलाही. मी सरळ सांगून टाकलं. म्हटलं, तुमचा अर्ज मी कापला, त्याचे मासे केले. ती म्हणाली, "तुमी कापला?" मी हो म्हटलं. तिनं शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मीच उलट तिच्यावर खेकसले, की अहो, पण हा कागदाचा खेळ आहे हे दिसत नव्हतं का, इतका मोलाचा कागद विहिरीत कशाला टाकलात? तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि विहिरीत वाकून हात घातला.

आम्ही सगळं पाणी उपसलं. कार्बनच्या पट्ट्या व्हरांड्यात पसरल्या आणि दोघी गुडघ्यांवर बसून एक एक मासा उलटा करून बघायला लागलो. प्रदर्शन बघायला आलेली माणसं आमच्याभोवती गोल करून उभी राहिली आणि सूचना द्यायला लागली. एकानं विचारलं, विहीर आटली का. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो निघून गेला. तिला वाचता येत नव्हतं, पण पहिला मासा तिनंच ओळखला, अंगठ्यांवरून. हा माझा, म्हणाली. आणि हा जावेचा, तिचं बोट भाजलंय, मधी रेघ दिसती बघा. असे तीन मासे मिळाले; अजून कुणी शेंदून नेले नव्हते हे नशीब. माशांच्या मधल्या चिंध्या मी लगद्यासाठी पोत्यात टाकल्या होत्या, त्या निवडून काढल्या. पुठ्ठ्यावर खळ लावून सगळं जुळवत आणलं. वस्तीचं नाव आलं, मागणी आली, अंगठे आले. खालच्या कोपऱ्यात माशाच्या आकाराचं एक भोक राहिलं. सही आणि शिक्का त्या माशात होता, आणि तो मासा कुणाच्या खिशात गेला ते मला ठाऊक होतं.

आता साहेबांच्या खोलीत जायचं होतं. नेमणूक तात्पुरती, आणि सरकारी कचेरीत आलेले लोकांचे अर्ज कात्रीनं कापले हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मुख्याध्यापकांना कळलं तर संपलंच. मी दारातून परत फिरण्याच्या बेतात होते, पण ती माझ्या मागेच उभी होती, आणि तिच्या अंगाला चुकवून जायला जागा नव्हती.

मासा साहेबांच्या टेबलावर काचेखाली होता. कॅलेंडर, टेलिफोन नंबरांची यादी आणि गणपतीच्या शेजारी, कोडं वर आणि शिक्का खाली. मी जे झालं ते सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शिपायाला हाक मारली, दोघांनी मिळून टेबलावरच्या फायली हलवल्या, काच उचलली आणि मासा काढला. साहेबांनी तो उलटा केला, सही वाचली, शिक्का वाचला.

"मी घरी मुलीला दाखवणार होतो," ते म्हणाले, आणि मासा तिच्या हातात दिला. मला नाही, तिच्या. मला त्यांनी एवढंच सांगितलं की आवकमध्ये द्या, वेळेत द्या.

आवकच्या कारकुनानं तो पुठ्ठा दोन बोटांत धरून उलटसुलट केला. चार मासे, मधे चिंध्या, सगळीकडे निळे डाग आणि खळीचे ओघळ. तो म्हणाला, याला मी शिक्का कुठे मारू. मी तापले. साहेबांनी सांगितलंय म्हटलं, तर म्हणाला, तसं लेखी आणा. मी आणखी आवाज चढवला. घड्याळात पाच वाजत आले होते आणि माझ्या ओरडण्यानं काडीचाही फरक पडत नव्हता. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ती माझ्या शेजारी नाही. ती त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली होती. पिशवीतून भाकरीचं फडकं काढून मांडीवर ठेवलं होतं. कारकुनानं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, तिला ओलांडून घरी कसं जायचं याचा विचार केला असावा, आणि एका माशाच्या पोटावर शिक्का मारला.

मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. दोघींचे हात निळे. गाडीला वेळ होता. माझ्या डोक्यातून तो प्रश्न जात नव्हता म्हणून मी पुन्हा विचारला, या वेळी न खेकसता, की विहिरीत का टाकला.

ती म्हणाली, "दोन दिस कचेरीत हिंडले. ह्या टेबलावर जा, त्या टेबलावर जा. कुनी या म्हनलं न्हाई. तुमी म्हनलात. या मावशी, शेंदा म्हनलात. आमाला हिरीवर कुनी या म्हनत न्हाई, बाई. मला वाटलं, द्यावा तर हितंच द्यावा."

मी तसं सगळ्यांनाच म्हणत होते, पाटीवरही तेच लिहिलं होतं, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गाडी लागली, ती चढली, आणि ते सांगायचं राहिलं ते बरंच झालं.

सातव्या दिवशी विहीर मोडून रद्दीत गेली. उन्हाळ्यात शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. गाडी आली होती, पाणी लागलं होतं, वस्तीच्या मधोमध हापसा बसला होता. मी ते कार्ड मुख्याध्यापकांना दाखवलं नाही, कारण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

सुट्टीत मी गावी गेले. आमची विहीर तळाला गेली होती, तरी पाणी होतं. ओट्याच्या पायऱ्यांखाली घागरी मांडून वस्तीतली एक बाई बसली होती. मला लहानपणापासून ओळखणारी. लहान असताना वरून पाणी ओतायचं काम माझ्याकडे असायचं, आणि मला त्याचा भारी कंटाळा यायचा. मी पोहरा हिसडून ओतायचे, निम्मं पाणी बाहेर सांडायचं, आणि घागर नीट धर म्हणून मीच तिच्यावर ओरडायचे. माझ्या आईच्या वयाच्या त्या बाईला मी कायम अगंतुगं करत आले होते. लातूरला ओट्याखाली उभ्या राहिलेल्या बाईवर मी वैतागले होते, उभ्या काय राहिलात म्हणून. ती का उभी आहे हे इतर कुणाहीपेक्षा मला आधी कळायला नको होतं का? मला माझीच भयंकर चीड आली.

मी दोर खाली धरला आणि म्हटलं, "या, तुम्ही शेंदा."

तिनं दोराला हात लावला नाही. वाड्याच्या दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "नगं ताई. तुमी सुट्टी सरली की जाल. मला हितंच ऱ्हायाचं हाय." मग म्हणाली, "हापशाचे अर्ज घ्यायलेत म्हनं. आमच्या वस्तीला तेवढा एक लिहून द्या."

मी पाणी वरूनच ओतलं, यावेळी न सांडता. मग माझ्या चित्रकलेच्या वहीचा एक जाड कागद फाडला, अर्ज लिहिला, वस्तीत जाऊन अंगठे घेतले. खाली सहीची जागा सोडली. सही लागायची सरपंचाची.

रात्री जेवताना मी तो वडिलांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"बघू," ते म्हणाले.

मी माझं ताट उचललं, भाकरी फडक्यात बांधली आणि त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.